सव्वा महिन्याचा शिक्का

वर्धा जिल्ह्यातील समस्त आजीबाई, बाळंतिणी, मोठे डॉक्टर, छोटे डॉक्टर, कार्यालय अधीक्षक व शिपाई यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आज कितवा दिवस आहे हे सांगितल्याशिवाय कोणालाही पुढे जाता येणार नाही.

मंडळी, ही सूचना आमच्या रुग्णालयाच्या फलकावर कधीच लागली नाही. लावायची गरजच नव्हती. ती सूचना पांढरे कॅनव्हासचे बूट घालून दिवसभर आमच्या व्हरांड्यातून फिरत असे. उंची जेमतेम पाच फूट, साडी कायम घोट्याच्या वर, आणि मंगळवारी डोक्याला पट्ट्यानं बांधलेला दिवा, खाणीत उतरणाऱ्या माणसासारखा. त्या आमच्या डोळ्यांच्या डॉक्टर. आम्ही त्यांना समोर मॅडम म्हणत असू. मागे काय म्हणत असू ते इथे छापण्यासारखं नाही, आणि आता मला त्याची लाजही वाटते. थोडीशी.

"आज कितवा दिवस?" हे त्यांचं वाक्य. समोर कोण आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसे. शिपायानं चहा आणून ठेवला की त्या कपात डोकावून विचारत, "कितवा दिवस याचा?" अधीक्षकांच्या टेबलावरची फाईल नुसती बोटानं सरकवून विचारत, "आज कितवा दिवस?" एकदा आमच्या लेखापालाच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाचे मामा त्यांना म्हणाले की डोळ्यांत जरा चुरचुरतं. मॅडमनी जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, कितवा दिवस. मामा म्हणाले, असतील पंधरा. मॅडम म्हणाल्या, "पंधरा दिवस डोळा चुरचुरतोय आणि तुम्ही अहेर निवडत फिरताय?" आणि ताट उचलून पुढे गेल्या. मामांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही म्हणतात. मी त्यांच्या वाटणीचं घेतलं.

आता रुग्णालय कुठलं, ते मी सांगणार नाही. सांगितलं तरी सापडायचं नाही, त्याची पाटी तेव्हापासून दोनदा बदलली आहे. मी तिथे नवजात बाळांच्या विभागात कारकून होतो. बाळाला घरी सोडताना, म्हणजे आमच्या भाषेत सुट्टी होताना, त्याचं कार्ड लिहायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. काम लहान होतं, पण शिक्का माझ्या हातात होता, आणि ज्याच्या हातात शिक्का असतो त्याची मान आपोआप ताठ होते. माझी झाली होती.

आमच्या विभागाचे प्रमुख म्हणजे मोठे सर. मोठ्या सरांना लहान बाळांची हौस होती. जितकं लहान तितकी हौस मोठी. नव्वदच्या दशकात आमच्याकडे काचेच्या पेट्या आल्या, प्राणवायूची सोय झाली, आणि आधी जी सातमासी लेकरं हाताला लागत नसत ती जगायला लागली. हे काम खरंच मोठं होतं, ते मी नाकारत नाही. पण सरांनी विभागाच्या दारात एक फळा लावला. त्यावर सर्वांत कमी वजनाच्या बाळाचं वजन, जन्मतारीख आणि खाली सरांचं नाव. वजनाचा विक्रम मोडला की पेढे, फोटो, स्थानिक वर्तमानपत्र. फोटोत बाळ दिसत नसे, सरांचा टाय दिसे.

पेढ्यांच्या पहिल्या फेरीला मॅडमनी पेढा घेतला, खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "अर्धं वाचवलंत."

सरांना वाटलं, पेढा अर्धा मिळाल्याची तक्रार आहे. त्यांनी दुसरा पुढे केला.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. मीही दाराआड उभा राहून ऐकलं, आणि सरांपेक्षा मला आधी समजलं, हे मी आजही अभिमानानं सांगतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. दिसतं ते त्याच्यामुळे. त्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात असताना मधून कडेकडे वाढत जातात, आणि कडेला पोचायला त्यांना पुरे नऊ महिने लागतात. बाळ सातव्यातच बाहेर आलं, वर प्राणवायू कमी-जास्त झाला, की त्या वाहिन्या वाट सोडून भलतीकडे फुटतात. फुटतात, सुकतात, आकसतात, आणि आकसताना पडदाच ओढून काढतात. मग काही करता येत नाही. पण चौथा आठवडा उलटायच्या आत कुणी दिवा लावून आत पाहिलं, तर वेळेवर लेसरनं डाग देऊन ते थांबवता येतं. आणि सगळ्यात पाजी गोष्ट ही, की बाहेरून डोळा अगदी सुंदर दिसतो. लाल नाही, पाणी नाही, पू नाही. टपोरा, काळाभोर. आजी त्यात काजळ घालते आणि म्हणते, आईवर गेलं.

सर म्हणाले, उत्तम, तपासा तुम्ही. मॅडम म्हणाल्या, अंधारी खोली द्या. नवजात विभागाला लागून एक खोली होती. तिच्यात तीन मोडक्या खुर्च्या, एक बंद पडलेला कूलर आणि सरांच्या सत्काराचे जुने कापडी फलक ठेवलेले असत. ती मागितली. सरांनी अर्ज करायला सांगितलं. अर्ज केला. तो अर्ज पुढे इतका जुना झाला की मॅडम त्याचा वाढदिवस साजरा करू लागल्या. त्या दिवशी अधीक्षकांच्या टेबलावर एक केळं ठेवून यायच्या. खोली मिळाली नाही. फलक महत्त्वाचे होते, चुरगळले असते.

म्हणून मॅडम दर मंगळवारी विभागाच्या कोपऱ्यात दोन काळ्या घोंगड्या टांगायच्या आणि त्यांच्या आत शिरून बाळं तपासायच्या. मे महिन्यातली वर्ध्याची दुपार आणि वर घोंगडी. बाहेर आल्या की पदरानं तोंड पुसत म्हणायच्या, "नीट आहे," किंवा काहीच म्हणायच्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत की मी नागपूरच्या लेसरवाल्या डॉक्टरांना फोन लावायचा, हे ठरलेलं.

आता माझ्या शिक्क्याकडे येतो. टाळत होतो, पण यावं लागेल.

आमच्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. विटाळ असतो, नजर असते, वारा असतो. आम्ही कार्डावर काहीही तारीख लिहिली तरी लोक सव्वा महिना झाल्याशिवाय यायचे नाहीत, आणि मग आलेच नाहीत म्हणून सर माझ्यावर ओरडायचे. तेव्हा मी डोकं चालवलं. वर्ध्याच्या बाजारातून एक झकास शिक्का करवून आणला. "सव्वा महिन्यानंतर दाखवणे." काय सांगू मंडळी, आज्या खूष झाल्या. डॉक्टरांनाही रीत कळते म्हणाल्या. लोक ठरल्या दिवशी येऊ लागले. सरांनी भर सभेत माझी पाठ थोपटली. पुरे दिवस भरलेल्या बाळांना तो शिक्का काही बाधत नव्हता. पण मी तो सरसकट मारत होतो. सातमासी, आठमासी, सगळ्यांना. हात बसला होता.

सव्वा महिना म्हणजे अडतीस दिवस. मॅडमचा चौथा आठवडा संपतो अठ्ठाविसाव्या दिवशी. मधल्या दहा दिवसांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. सरांच्याही नाही, पण त्यांच्या डोक्यात तसंही फारसं काही येत नसे.

एक दिवस पुलगावकडची एक बाई दहा महिन्यांचं लेकरू घेऊन आली. आमच्याच विभागात वाचलेलं. फळ्यावर त्याचं वजन होतं. त्याच्या दोन्ही बाहुल्या पांढुरक्या झाल्या होत्या. मॅडम घोंगडीतून बाहेर आल्या आणि काहीच म्हणाल्या नाहीत, पण नागपूरला फोन लाव असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी बाईकडून सुट्टीचं कार्ड घेतलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा."

मी मनात वाचलं.

"मोठ्यानं वाचा. त्यांना ऐकू जाऊ दे."

ती बाई समोर उभी होती. लेकरू तिच्या बांगड्यांच्या आवाजाकडे मान वळवत होतं. बांगड्यांकडे, तिच्या तोंडाकडे नाही. मला वाचता आलं नाही. मॅडमनी स्वतःच कार्ड उचलून बाईला परत दिलं आणि तिच्यापाशी बसून सगळं खरं ते सांगितलं. मला त्या दिवसापासून त्यांनी नावानं हाक मारली नाही. मी त्यांचा शिक्केबहाद्दर झालो.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः नवा शिक्का करवून आणला. "दिवस पुरे न भरलेले बाळ. चार आठवड्यांच्या आत डोळे दाखवा. सव्वा महिना पाळू नये." हा शिक्का कार्यालयात मंजुरीला गेला आणि तिथे हाहाकार उडाला. सव्वा महिना पाळू नये, असं छापील सांगायचं? लोकांच्या भावना दुखावतील. समिती बसली. समितीनं बिस्किटं खाल्ली. "पाळू नये" ऐवजी "शक्यतो पाळू नये" करावं, असं एकानं सुचवलं. दुसऱ्यानं "शक्यतो"ला हरकत घेतली. शिक्का माझ्या खणात पडून राहिला आणि मंजुरी येईपर्यंत जुनाच वापरावा असा लेखी आदेश आला. मी आज्ञाधारक माणूस. मंगळवारी मॅडम स्वतःच वही चाळून लहान बाळं पकडायच्या, त्यामुळे निभावत होतं.

मग एका मार्चमध्ये मॅडम आठ-दहा दिवस रजेवर गेल्या.

परत आल्या त्या सकाळी दहा वाजता. बूट न काढता थेट माझ्या टेबलाशी आल्या आणि वहीवर बोट ठेवलं. समुद्रपूर तालुक्यातली, गिरडजवळच्या एका गावची मुलगी. सातमासी, सव्वा किलोची. मी तिला बाविसाव्या दिवशी सुट्टी दिली होती.

"शिक्केबहाद्दर, ही कुठं आहे?"

घरी, म्हणालो.

"कोणता शिक्का मारलात?"

मी खणाकडे पाहिलं. नवा शिक्का आत होता, जुना वर शाईच्या डबीवर. सांगायची गरज पडली नाही.

"आज कितवा दिवस?"

मी बोटांच्या पेरांवर मोजलं. दोनदा मोजलं. अठ्ठाविसावा.

मॅडम जे करायच्या ते झटपट करायच्या. त्या दिवशी रुग्णालयाची जीप वर्धा स्टेशनवर एका पाहुण्याला आणायला निघाली होती. पाहुणे मुंबईहून येऊन सरांच्या हस्ते सत्कार स्वीकारणार होते आणि सर त्यांच्या हस्ते. मॅडमनी जीपमधला हार काढून वॉचमनच्या गळ्यात घातला, दिव्याची पेटी आत ठेवली, मला आत ढकललं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गिरड." पाहुणे दीड तास फलाटावर उभे होते. ही माझ्या आयुष्यातली अत्यंत आनंदाची आठवण आहे.

गावात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घर साधं शेतकऱ्याचं. ओसरीवर आजी बसल्या होत्या, बाळंतिणीची आई, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. आम्ही कोण ते सांगितलं. त्यांनी आत जाऊन कार्ड आणलं आणि माझाच शिक्का माझ्यासमोर धरला.

"सव्वा मयन्यानंतर दाखवा म्हनून लिवलं हाय. आता काऊन आल्या?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातल्या कोंबडीकडे पाहिलं.

आजी काही वाईट नव्हत्या. पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. पण आत कुणाला जाऊ देणार नाही म्हणाल्या. सातमासी पोर, आधीच जीव इवलासा, बाहेरची माणसं, बाहेरचा वारा. दहा दिवसांनी स्वतः घेऊन येते, शप्पथ घालून म्हणाल्या. मॅडमनी नरमाईनं सांगून पाहिलं. मग त्यांना एक युक्ती सुचली, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं की स्वतःच्या हुशारीवर त्या बेहद्द खूष आहेत.

"आजी, नऊ महिने कधी पुरे होणार होते हिचे?"

आजींनी हिशेब केला. वैशाखात, म्हणाल्या.

"म्हणजे खऱ्या हिशेबानं ती अजून जन्मलीच नाही. मग सव्वा महिना लागला कुठे? विटाळ कसला?"

आजींनी सुपारी तोंडात टाकली. सावकाश चावली. मॅडमना वरून खालपर्यंत, बुटांसकट न्याहाळलं.

"जल्मलीच नाई," त्या म्हणाल्या, "तं तुमी काय तपासून राह्यल्या?"

मंडळी, मी मोठ्या सरांना मॅडमपुढे गप्प झालेलं पाहिलं होतं. अधीक्षकांना, समितीला, नवरदेवाच्या मामांना पाहिलं होतं. मॅडमना गप्प झालेलं मी एकदाच पाहिलं, आणि ते त्या ओसरीवर. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी आलं. आजीही हसल्या. आत बाळंतीण हसल्याचा आवाज आला.

हसू ओसरल्यावर मॅडम ओसरीच्या पायरीवर आजींच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. आवाज एकदम खाली आला.

"आजी, मागं एक लेकरू आलं होतं माझ्याकडे. त्याच्या घरच्यांनी सव्वा महिना नीट पाळला. काही चुकलं नाही त्यांचं, आम्हीच तसं लिहून दिलं होतं. तो आता आईच्या बांगड्या वाजल्या की मान वळवतो. आई कशी दिसते हे त्याला कधी कळायचं नाही. मी काही करू शकले नाही, दहा महिने झाले होते. तुमच्या नातीला कदाचित काही नसेलही. मला फक्त बघू द्या."

आजींचा अडकित्ता थांबला होता. मग आजी म्हणाल्या, "आज कितवा दिस होय?"

मॅडमचंच वाक्य, त्यांना ठाऊकही नसताना. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच आतून, बंद दाराआडून, त्या पोरीच्या आईचा आवाज आला.

"अठ्ठाविसावा, माय. येऊ दे त्याइले."

आजी उठल्या. त्यांनी अट घातली. बाळंतिणीच्या खोलीत जो जाईल तो आंघोळ केल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. मॅडम हो म्हणाल्या. मला आत यायला सांगितलंच नाही, पण दिवा धरायला माणूस लागतो म्हणून मीही गेलो.

आत पाऊल टाकलं आणि मॅडम दारातच थांबल्या. वारा नको म्हणून खिडकीत पोतं ठोसलेलं, फटींत चिंध्या, बाजेखाली शेकाची शेगडी, ओव्याच्या धुरीचा वास. समोरचा हात दिसत नव्हता.

"शिक्केबहाद्दर," मॅडम अंधारात म्हणाल्या, "सहा वर्षं अर्ज करतेय मी अशा खोलीसाठी."

गावात लाइन नव्हती, भारनियमन चार वाजेपर्यंत, आणि मॅडमचा दिवा विजेवर चालणारा. तोवर मॅडमनी शेगडी बाहेर काढवली, हात धुतले, बाळाच्या डोळ्यांतलं काजळ कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसलं आणि बाहुली मोठी करायचे थेंब दहा-दहा मिनिटांनी घातले. आजींनी काजळाचा बोळा पाहून तोंड वाकडं केलं, पण बोलल्या नाहीत. चारला लाइन आली. मॅडमनी डोक्याचा दिवा लावला, स्टीलच्या डबीतून पापण्या उघड्या ठेवायची ती इवलीशी तारेची चिमटी काढली, एका हातात भिंग धरलं. पोर केवढी, तर माझ्या तळहाताएवढी. पण बोंबलली अशी की कोंबड्या उडाल्या. आजी भिंतीला तोंड करून उभ्या राहिल्या. आईनं पोरीचं डोकं घट्ट धरून ठेवलं, तिचे हात जरासुद्धा हलले नाहीत.

उजवा डोळा. डावा डोळा. परत उजवा.

मॅडमनी दिवा विझवला आणि काहीच म्हणाल्या नाहीत.

मला फोन लावायचा होता, पण फोन गावात सरपंचाच्या घरी. मी धावत निघालो तर आजींनी दारात अडवलं. आंघोळ. मी म्हणालो, आजी, वेळ नाही, दोन दिवसांत लेसर झालं नाही तर उपयोग नाही. आजी म्हणाल्या, बादली भरलेली हाय. मॅडमनी आतून सांगितलं, "करा हो, वाद घालण्यापेक्षा लवकर होईल." मी दोन तांबे ओतले आणि ओल्या केसांनी सरपंचाकडे पळालो.

परत आलो तेव्हा मॅडमची आंघोळ झाली होती. त्यांची साडी बादलीत भिजत होती. अंगावर आजींचं हिरवं लुगडं, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दिव्याची पेटी. त्याच वेषात त्या जीपमध्ये पुढे बसल्या. मागे आई, पोर, आणि सव्वा महिना न मोडता मोडणाऱ्या आजी, ज्यांनी नातीला चार थरांत गुंडाळून वाऱ्याचा एक झोत आत येऊ दिला नाही. नागपूरला दुसऱ्या दिवशी लेसर झालं, दोन्ही डोळ्यांना. तिथल्या मोठ्या इस्पितळात सगळ्यांना वाटलं की लुगड्यातली बाई पोरीची आत्या आहे. मॅडमनी कुणालाच दुरुस्त केलं नाही. आजींनी मात्र प्रत्येक नर्सला थांबवून सांगितलं, "ह्या आमच्या डाक्टरीनबाई. पोर जल्मायच्या आंधीच तपासते."

परतल्यावर जीपबद्दल नोटीस आली. मॅडमनी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला पोरीच्या डोळ्यांचं चित्र काढलं आणि पुढच्या तपासणीसाठी जपून ठेवलं. मी मात्र एक गुन्हा केला, आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही. पवनारच्या पुलावरून जाताना माझा जुना शिक्का धाम नदीत पडला. पडला म्हणजे मी जोरात फेकला. कार्यालयाला "गहाळ" असं कळवलं. जुना नाही म्हटल्यावर नवा वापरणं भाग पडलं. समिती अजून "शक्यतो"वर बसली होती, त्यांना कुणी सांगितलंच नाही. कुणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. आज्या वाचायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या, आणि चौथ्या आठवड्यात यायच्या.

छकुली, म्हणजे ती गिरडची पोर, दर काही महिन्यांनी यायची. मग वर्षानं. तिला चष्मा लागला, जाड भिंगाचा, दोरीनं मानेमागे बांधलेला. मॅडम तिला माझ्या टेबलावर उभी करून विचारायच्या, भिंतीवर काय दिसतं. छकुली सगळं सांगायची. कॅलेंडर. पाल. पालीची शेपूट तुटली आहे. मॅडम म्हणायच्या, पुरे, नापास करायला जागाच ठेवत नाही ही कार्टी.

खोली मिळाली नाही. दर वर्षी केळं मात्र ठेवलं गेलं.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात मॅडम बारीक दिसू लागल्या. जेवणाचा डबा अर्धा परत न्यायच्या. मधेच पोटावर हात दाबून उभ्या राहायच्या. मी पाहिलं. शिपायानं पाहिलं. घोंगड्या टांगायला मदत करणाऱ्या सिस्टरनं पाहिलं. इतकी वर्षं त्या बाईनं चहापासून नवरदेवाच्या मामापर्यंत सगळ्यांना विचारलं, आणि आमच्यातल्या एकानंही त्यांना विचारलं नाही की मॅडम, पोट दुखतंय त्याचा आज कितवा दिवस. त्या स्वतः गेल्या डॉक्टरकडे तेव्हा फार उशीर झाला होता. पावसाळा लागायच्या आत त्या गेल्या.

आणि मग, मंडळी, खोली मिळाली.

अवघ्या तीन आठवड्यांत. खुर्च्या गेल्या, कूलर गेला, फलक सरांच्या घरी गेले. भिंतींना काळा रंग, दारावर मॅडमच्या नावाची पितळी पाटी, दाराशेजारी भिंतीवर त्यांचा मोठा फोटो. लाल फीत. ज्यांच्यासाठी एकदा जीप गेली नव्हती, तेच मुंबईचे पाहुणे पुन्हा बोलावले. या वेळी सरांनी त्यांना स्वतः स्टेशनवरून आणलं, माणसांवर विश्वास उरला नव्हता. मी गिरडला कार्ड टाकलं होतं. आजी आल्या, छकुलीला घेऊन. आठ वर्षांची झाली होती. मी त्यांना व्हरांड्यातल्या खुर्च्यांच्या मागच्या रांगेत बसवलं, कारण पुढच्या दोन रांगा समितीनं अडवल्या होत्या.

सर बोलले. दृष्टी हा शब्द ते इतक्या वेळा बोलले की मला चष्मा पुसावासा वाटला. दूरदृष्टी, अंतर्दृष्टी, सामाजिक दृष्टी, आणि ही खोली कशी त्यांच्या, म्हणजे सरांच्या, मनात पहिल्यापासून होती. पाहुणे बोलले. ते मॅडमना कधी भेटले नव्हते, पण त्यांच्या साधेपणानं भारावले होते. अधीक्षकांनी डोळ्यांना रुमाल लावला. टेबलावर फुलांची परडी होती. मी तिच्यात एक केळं ठेवलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी सरांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. माना खाली, डोळे मिटलेले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मीही डोळे मिटले होते, आणि खरं सांगतो, ते उघडायची मला हिंमत नव्हती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून, स्वच्छ, खणखणीत आवाजात,

"आजी वं, फोटो तं वाकडा लावला ह्याइनं!"